ग्वातेमालाचा फियांब्रे: शाकाहारी माणसाने शेजारी सणाला जावं का? (आणि तिथल्या सणांबद्दल बरंच काही)

चैत्रपालवी:
नमस्कार मंडळी. ग्वातेमालातल्या सणांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. प्रश्न माझा आहे, पण चर्चा सगळ्यांच्या उपयोगाची होईल असं वाटतं.

एक नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या दिवशी, इथे घरोघरी फियांब्रे करतात. वर्षातून एकदाच. थंडच खायचं हे भलंमोठं सॅलड असतं. गाजर, फरसबी, मटार, फ्लॉवर, कोबी, बीट, मक्याची कोवळी कणसं आणि पाकाया (ताडाच्या जातीच्या एका झाडाचे कडवट तुरे) उकडून व्हिनेगरात मुरवायचे. त्यात सॉसेजचे चार-पाच प्रकार, हॅम, कोंबडी, चीज, अंडी, ऑलिव्ह, केपर. पन्नासेक जिन्नस सहज होतात. चिरणं, उकडणं, मुरवणं, रचणं यात दोन दिवस जातात आणि एकटीदुकटीने कोणी ते करत नाही. झालं की ताटं भरून नातलगांकडे, शेजारीपाजारी पोचवायची. त्यांच्याकडचीही ताटं आपल्याकडे येतात आणि मग कुणाचा फियांब्रे कसा झालाय यावर आठवडाभर बोलणं चालतं.

आम्ही राजधानीत राहतो. शेजारच्या आजींनी मला आदल्या दिवशी भाज्या चिरायला आणि एक तारखेला जेवायला बोलावलंय. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. माझं ठाम मत असं की इथलं सणाचं जेवण हॉटेलात कळत नाही, ते त्या दिवशी कुणाच्या तरी घरीच कळतं. पण तिथे जाऊन ताटाला हातच लावला नाही तर त्या माउलीला काय वाटेल? काय करावं?

दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी नाशिकहून आईबाबा यायचे आहेत. त्यांना नोव्हेंबरमध्ये बोलावू की ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात?

शेवगा:
रुमाल टाकून ठेवतेय. जाणकारांनी सविस्तर लिहा.

मृण्मयी_पु:
मी ग्वातेमालातल्याच आंतिग्वा शहरात स्पॅनिश शिकायला गेले होते. तिथे भाषाशाळांची रेलचेल आहे आणि बहुतेक विद्यार्थी एखाद्या घरी राहतात, त्यामुळे स्वयंपाकघरात वावरायला मिळतं. त्या अनुभवावरून सांगते: नक्की जा. भाज्या चिरायला तर जाच जा, कारण खरा सण आदल्या दिवशीच असतो. ओट्याभोवती तीन पिढ्यांच्या बाया, एकीकडे बीट सोलणं चाललेलं, दुसरीकडे वर्षभरात कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं याच्या गप्पा.

खाण्याचं म्हणाल तर 'फियांब्रे वेर्दे' नावाचा बिनमांसाचा प्रकार आहे, तो तिथल्या लोकांना माहीत असतो. त्यामुळे तुमचं 'मी मांस खात नाही' हे त्यांना परग्रहावरचं वाटणार नाही. बीट घातलं की लाल फियांब्रे, न घातलं की पांढरा. लाल चांगला की पांढरा, हा घराघरातला जुना वाद. त्यात मात्र पाहुण्याने पडू नये. :)

आंबटगोड:
लॉस एंजेलिसहून. इथे ग्वातेमालाचे लोक खूप आहेत आणि ऑक्टोबर संपत आला की त्यांच्या बेकऱ्यांत फियांब्रेच्या ऑर्डरी घेतल्याच्या पाट्या लागतात. माझी एक सहकारी तिथली आहे, तिच्याकडे मी करताना पाहिलंय.

चैत्रपालवी, एका गोष्टीवर लक्ष ठेवा: काल्दियो. भाज्या ज्यात मुरतात ते आंबट पाणी. फियांब्रेची सगळी चव त्यात आहे. व्हिनेगर, भाज्या उकडलेलं पाणी, पार्सली, मोहरी, आणि पुष्कळ घरांत कोंबडीचं पाणी. त्यामुळे वरचं सॉसेज बाजूला केलं म्हणजे ताट शाकाहारी झालं, असं धरून चालू नका. आजींना आधीच विचारा. काल्दियो ओतण्यापूर्वी तुमच्यासाठी एका भांड्यात भाज्या वेगळ्या काढून नुसतं व्हिनेगर आणि भाज्यांचं पाणी घालून मुरवता येतील. एक रात्र फ्रीजमध्ये राहू द्या, त्याशिवाय चव लागत नाही.

हुतियापा प्रांताकडे 'सुटा' फियांब्रे करतात. सगळे जिन्नस वेगवेगळ्या भांड्यांत मांडलेले, ज्याने त्याने आपल्या आवडीचं घ्यायचं. तुम्हाला तो सोयीचा.

बाबूराव_खडकी:
धागा छान आहे. पण एक शंका. ऑलिव्ह, केपर, हॅम, सॉसेज, सर्व संतांचा दिवस, ईस्टर. हे सगळं स्पेनचंच की. यात ग्वातेमालाचं असं काय? वसाहतवाल्यांनी दिलेला सण आणि वसाहतवाल्यांनी दिलेलं ताट.

अनुस्वार:
@बाबूराव, जिन्नस बोटीतून आले हे खरंय, पण असलं पन्नास जिनसांचं मुरवलेलं ताट एक नोव्हेंबरला स्पेनमध्ये होत नाही. त्यातली पाकाया आणि मक्याची कणसं तिथलीच. आणि त्या दिवशी माणसं कबरस्तानात काय करतात ते बघा. कबरीवर पाइनच्या हिरव्या सुया पसरतात, कोपाल नावाचा धूप जाळतात, पिवळी फुलं वाहतात. पाइन आणि कोपाल ही माया लोकांच्या पूजेतली सामग्री, स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासूनची.

२०१८च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४४ टक्के लोकांनी स्वतःला मूलनिवासी म्हणवलं आहे. मायाकुळातल्या बावीस भाषा तिथे आजही बोलल्या जातात. तेव्हा 'ग्वातेमालाचं असं काय' हा प्रश्न पडला तर फक्त ताटाकडे बघू नका, ते कुठे बसून आणि कुणाबरोबर खातात तेही बघा.

पानझड:
ती पिवळी फुलं म्हणजे आपला झेंडू! तिथे मृतांचं फूल म्हणतात त्याला. झेंडू मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. दसऱ्याला आपण ज्याची तोरणं बांधतो तो समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. म्हणजे देणंघेणं एकाच दिशेने झालेलं नाही, बाबूराव.

त्या दिवसांत तिथे होकोते नावाची फळं पाकात शिजवतात. होकोते आणि आपला आंबाडा एकाच कुळातले, अगदी जवळचे. पाक पानेलाचा, म्हणजे उसाच्या गुळाचा. लाल भोपळाही याच पाकात, सालीसकट मोठे तुकडे करून. चैत्रपालवी, हे दोन्ही तुम्ही निश्चिंत खाऊ शकता.

शेवगा:
म्हणजे पितृपक्षच की हा! पूर्वजांसाठी पान वाढायचं, त्यांच्या आवडीचं करायचं.

अनुस्वार:
@शेवगा, पूर्वजांच्या आवडीचं करणं, इतपत साम्य आहे. पुढे वाट वेगळी होते. आपल्याकडे त्या पंधरवड्यात शुभकार्य नाही, खरेदी नाही. तिथे कबरस्तानात मुलं पतंग उडवत असतात, वाद्यं वाजतात, फेरीवाले कणसं विकतात, घरचे लोक कबरीजवळ बसून जेवतात. दुःख नसतं असं नाही, पण ते सगळ्यांसमोर आणि रंगांनिशी असतं.

मृण्मयी_पु:
पतंगांचा विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण माझ्या मते आईबाबांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

सान्तियागो साकातेपेकेस आणि सुम्पांगो ही राजधानीच्या पश्चिमेला असलेली काक्चिकेल या माया समाजाची दोन गावं. एक नोव्हेंबरला तिथे अवाढव्य पतंग उभे करतात, बार्रिलेते. बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत पातळ कागदाचे हजारो तुकडे चिकटवून केलेली चित्रं. मोठे पतंग चार-पाच मजली घराएवढे. ते उडवत नाहीत, दोर लावून पन्नासेक माणसं उभे करतात. उडवतात ते लहान. तरुणांचे गट कित्येक महिने आधीपासून रात्री कामं उरकून बसतात, मुलींचे गटही आहेत. वाऱ्यात कागद फडफडतो त्या आवाजाने वाईट आत्मे पळतात आणि आपल्या माणसांचे आत्मे सुखाने येऊन जातात, असं जुनी माणसं सांगतात.

आणि चित्रं नुसती शोभेची नसतात. १९६० ते १९९६ इतकी वर्षं त्या देशात यादवी युद्ध झालं, सगळ्यात जास्त माणसं मारली गेली ती माया गावांतली. बेपत्ता झालेल्यांबद्दल, जमिनीबद्दल, नद्यांबद्दल, बायकांवरच्या अत्याचारांबद्दल त्या पतंगांवर लिहिलेलं आणि रंगवलेलं असतं. मी तिथे उभी राहून एकेक पतंग वाचत होते. एवढ्या महिन्यांचं काम एका दिवसासाठी, हे पाहून मी हलून गेले. २०२४ मध्ये युनेस्कोने ही पतंग करण्याची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्याचा मला मनापासून आनंद झाला.

बाबूराव_खडकी:
@मृण्मयी, हे माहीत नव्हतं. फोटो असतील तर टाका. माझा मुद्दा ताटापुरता होता, पतंगांवर माझं काहीच म्हणणं नाही.

दर्यावर्दी:
मी बोटीवर होतो तेव्हा आमचं जहाज सान्तो तोमास दे कास्तिया बंदराला लागायचं, ती ग्वातेमालाची अटलांटिकची बाजू. तुम्ही सगळे डोंगरातल्या ग्वातेमालाबद्दल बोलताय, त्या किनाऱ्यावर वेगळंच जग आहे. लिविंग्स्टन नावाचं गाव आहे, तिथे रस्ता जात नाही, होडीनेच जायचं. वस्ती गारिफुना लोकांची. हे लोक आफ्रिकन आणि कॅरिबियन मूलनिवासी अशा दोन्ही वंशांचे. इंग्रजांनी १७९७ मध्ये त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकललं आणि होंडुरासच्या किनाऱ्याजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडलं. तिथून ते किनाऱ्याकिनाऱ्याने पसरले. २६ नोव्हेंबरला लिविंग्स्टनला पहाटे ते होड्यांतून केळीची पानं, नारळाच्या झावळ्या घेऊन किनाऱ्याला लागतात, पूर्वज आले ते असे, हे दाखवायला. मग ढोल, मिरवणूक, चर्च आणि दिवसभर नाच.

जेवण म्हणजे तापादो: नारळाच्या दुधात मासा, खेकडा, कोळंबी आणि कच्ची केळी. मी मालवणचा. पहिला घास घेतला आणि पुढे बराच वेळ कुणाशी बोललो नाही. दुसरा पदार्थ हुदुत, उकडलेली केळी लाकडी उखळात कुटून गोळा करायचा आणि नारळाच्या कालवणात बुडवून खायचा. चैत्रपालवीताई, तुम्हाला मासा चालणार नाही, पण कुटलेल्या केळीचा गोळा जरूर खाऊन बघा.

शेवगा:
@दर्यावर्दी, आता रात्री अकरा वाजता मी खोबरं कुठून आणू?

वेलदोडा:
थोडं अवांतर, पण राहवत नाही. आमचा पिढीजात मसाल्याचा व्यवसाय. ग्वातेमाला म्हटलं की आमच्या बाजारात एकच गोष्ट आठवते: वेलची. जगात सर्वात जास्त वेलची निर्यात करणारा देश तो आहे, आपण नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका जर्मन कॉफीमळेवाल्याने वेलचीची रोपं भारतातून नेऊन आल्ता वेरापास प्रांतात कोबान शहराच्या आसपास लावली. तिथला पाऊस आणि सावली तिला मानवली. माल जातो मुख्यतः अरबस्तानात, कॉफीत घालायला.

मला एकच विचारायचंय: इतकी वेलची पिकते तर तिथल्या सणाच्या गोडात ती पडते का?

चैत्रपालवी:
@वेलदोडा, जवळजवळ नाहीच. गोडात दालचिनी. भाताची खीर दालचिनीची, कोवळ्या कणसांचं गोड आतोल (दाटसर गरम पेय) दालचिनीचं, डिसेंबरचं पोंचे (फळांचं गरम पेय) तेही दालचिनीचं. वेलची हे विकायचं पीक, घरात खायचं नाही. कोबानच्या बाजारात काही दुकानांत वेलचीचं चॉकलेट मिळतं, ते पाहुण्यांसाठी. मी आमच्या आजींना वेलची घालून शिरा करून दिला तेव्हा त्यांनी आधी कितीतरी वेळ नुसता वास घेतला. इथल्याच मातीतली आहे म्हटल्यावर त्यांना फार आश्चर्य वाटलं. वेलची वेचणारी बहुतेक केक्ची (तिथल्या एका माया समाजाची) माणसं गरीब आहेत, भाव पडला की त्यांचं वर्षच बसतं. सणाच्या ताटाबद्दल बोलताना तेही ध्यानात असावं.

मंडळी, किती छान लिहिताय सगळे. डिसेंबरबद्दल कुणी लिहील का? आमचा इथला पहिलाच डिसेंबर आहे.

आंबटगोड:
डिसेंबर म्हणजे तामाल!

मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, दळून जो लगदा होतो ती तामालची पहिली पायरी. हे चुन्याचं तंत्र तिथलं हजारो वर्षांचं. त्याने साल सुटते, पीठ मिळून येतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. मका युरोपात गेला पण हे तंत्र गेलं नाही, म्हणून तिथे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, व्हायचा. माया स्वयंपाकघरातलं ज्ञान किती पक्कं होतं ते यावरून समजतं.

तर तो लगदा सैलसर शिजवायचा, पानावर घालायचा, मधोमध रस्सा आणि मांसाचा तुकडा, वर एक ऑलिव्ह, लाल मिरचीची पट्टी. लाल तामालचा रस्सा टोमॅटो, भाजलेले तीळ, भोपळ्याच्या बिया, सुक्या मिरच्या आणि रंगाला आचियोते, म्हणजे आपली शेंद्री. काळ्या तामालमध्ये चॉकलेट आणि मनुका, तो गोडसर. बाहेरून माशानची पानं, बांधायला सिबाके नावाची लव्हाळ्याची दोरी. पान उलगडल्यावर जो वास येतो तो फॉइलमधल्या तामालला कधीच येत नाही. इथे लॉस एंजेलिसला गोठवलेली केळीची पानं वापरतात, पण माझी सहकारी माशानसाठी हळहळते.

चैत्रपालवी, डुकराची चरबी जवळजवळ प्रत्येक तामालच्या लगद्यात असते. बिनमांसाचा म्हणून दिलेल्यातही. तेलातला करून मागा.

तांबडीमाती:
आम्ही केत्सालतेनांगो शहरात काही वर्षं होतो, तिकडे बटाट्याचा तामाल असतो. त्याला पाचे म्हणतात आणि तो गुरुवारी खायचा. राजधानीकडे तामाल शनिवारी. संध्याकाळी ज्या दारावर लाल दिवा लावलेला असेल तिथे तामाल विकायला आहेत हे समजायचं. हे बारा महिने चालतं. पण चोवीस डिसेंबरचा तामाल वेगळा.

डिसेंबरची सुरुवात सात तारखेला. संध्याकाळी सहाला घरोघरी दारासमोर सैतान जाळतात. पूर्वी घरातला केरकचरा, जुनं सामान काढून त्याची होळी करायचे, आता कागदी सैतान विकत मिळतो. प्लास्टिक जाळू नका म्हणून सरकार आणि पर्यावरणवाले दरवर्षी सांगतात, ते योग्यच आहे. आमच्या गल्लीत त्या धुराने मुलांचे डोळे सुजायचे. बरोबर बुन्युएलो, तळलेले गोळे, पाकातले. ते तुम्हाला चालतात का ते अंड्यावर ठरेल.

मग नाताळच्या आधी नऊ रात्री पोसादा. मरिया आणि योसेफच्या मूर्ती घेऊन लोक रोज एका घरी जाऊन आसरा मागतात, आतले आधी नाही म्हणतात, मग दार उघडतात. मिरवणुकीत कासवाच्या कवचावर लाकडी दांडक्यांनी ठेका धरतात. ज्याच्या घरी मूर्ती उतरतात तो सगळ्यांना पोंचे देतो. अननस, पपई, सफरचंद, नारळ, मनुका, जर्दाळू, दालचिनी घालून उकळलेलं गरम फळांचं पेय. हे पूर्ण शाकाहारी, आणि थंडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

चोवीसला रात्री बारापर्यंत कोणी जेवत नाही. बाराच्या ठोक्याला सगळं शहर फटाक्यांनी हादरतं, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात आणि मग तामाल उघडतात. जमिनीवर पाइनच्या सुया पसरलेल्या असतात, त्यांचा आणि दारूगोळ्याचा वास एकत्र. पंचवीसला दुपारी बाराला परत फटाके. कुत्र्यामांजरांना त्या रात्री घरात ठेवा.

बाबूराव_खडकी:
हे सगळे लोक हे सगळं करतात का? की आपण एका घरावरून देश ठरवतोय?

तांबडीमाती:
चांगला प्रश्न. नाही, सगळे करत नाहीत. तिथे प्रोटेस्टंट पंथांचे अनुयायी खूप वाढलेत, त्यातली बरीच घरं सैतान जाळत नाहीत, मिरवणुकीला जात नाहीत, एक नोव्हेंबरला कबरस्तानातही जात नाहीत. तामाल मात्र त्यांच्याकडेही होतो. शिवाय फियांब्रे महाग. इतकी सॉसेजं, चीज, ऑलिव्ह घेणं डोंगरातल्या गरीब कुटुंबाला झेपत नाही, तिकडे त्या दिवशी उकडलेली कणसं, ग्विस्किल (चायोटे नावाची वेलावरची फळभाजी) आणि पाकातला भोपळा असतो. माझ्या मते तेही तितकंच सणाचं जेवण आहे, आणि 'ग्वातेमालाचं सणाचं ताट' म्हणताना फक्त शहरी फियांब्रेचं नाव घेणं मला पटत नाही.

अनुस्वार:
तांबडीमातींशी सहमत. २००७ मध्ये तिथल्या सरकारने काही पदार्थांना देशाचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात पेपियान, होकोन, काकिक आहेत. काकिक हा केक्ची लोकांचा टर्कीचा लाल रस्सा, पेपियान भाजलेल्या बिया-तिळाच्या वाटणाचा, होकोन हिरव्या मिरच्या-कोथिंबीर-मिल्तोमातेचा (टोमॅटोसारखं छोटं आंबट हिरवं फळ). गावच्या जत्रेत, लग्नात, बारशात हेच मोठ्या हंड्यांत शिजतं. यातलं वाटण नुसत्या भाज्या घालूनही उत्तम होतं.

मृण्मयी_पु:
पवित्र आठवड्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही! आंतिग्वात ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की दर रविवारी मिरवणूक असते, शेवटच्या आठवड्यात तर दिवसरात्र. दगडी रस्त्यावर आधी वाळू पसरून सपाट करतात, मग रंगवलेल्या भुशाचे गालिचे साच्यांनी घालतात. फुलं, पाइन, कधी भाज्या आणि पावसुद्धा मांडतात. रात्रभर घरचे सगळे वाकून काम करत असतात. सकाळी मिरवणूक येते, जांभळ्या झग्यातले शंभरच्या घरातले लोक प्रचंड लाकडी पालखी खांद्यावर घेऊन त्यावरून जातात आणि गालिचा संपतो. गुड फ्रायडेला दुपारी तीननंतर जांभळ्या झग्यांच्या जागी काळे झगे येतात. ताडाच्या कोरोसो फुलांचा वास शहरभर. हेही २०२२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

खायला सुकवलेल्या कॉड माशाचा टोमॅटो-ऑलिव्हमधला रस्सा, पाकात बुडवलेली तोर्रेहा (अंड्यात बुडवून तळलेला पाव), पाकातले हरभरे, आणि पाव. पाव खास असतो: लोक ओळखीच्या भट्टीवर स्वतःचं पीठ नेऊन टोपल्या भरभरून भाजून आणतात आणि नातलग, मानलेले भाऊबंद, शेजारी यांना मधासकट पाठवतात. आमच्या घरमालकीणबाईंची टोपली रिकामी व्हायच्या आधी तीन घरांतून पाव आलेला होता.

पानझड:
आणि मार्च-एप्रिल म्हणजे कैऱ्या! रस्त्यावर कैरीच्या फोडी मिळतात, लिंबू, मीठ आणि दळलेल्या भोपळ्याच्या बिया भुरभुरून.

चैत्रपालवी:
अपडेट देते. काल आजींकडे जाऊन स्पष्ट बोलले. मांस, अंडं, कोंबडीचं पाणी चालत नाही, पण दोन्ही दिवस काम करायला येते. त्या म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या सुनेलाही मांस चालत नाही, तिच्यासाठी वेगळं भांडं ठेवतातच, आता मोठं ठेवू. @आंबटगोड, तुमचं काल्दियोचं वाक्य फार उपयोगी पडलं. मी विचारलं नसतं तर त्यांच्याही लक्षात आलं नसतं, कारण कोंबडीच्या पाण्याला त्या मांस धरतच नाहीत.

पाकातला भोपळा माझ्याकडे सोपवलाय. आणि आमच्याकडून ताट काय पाठवायचं हा प्रश्न आहे, रिकामं ताट परत द्यायचं नाही. पुरणपोळीचा विचार आहे, पण हरभऱ्याची डाळ इथे मिळत नाही.

दर्यावर्दी:
पाकातले हरभरे ते खातात ना, मग छोले उकडून, सालं काढून पुरण घाला. जहाजावर आमच्या कुकने असंच केलं होतं. गूळ तिथला पानेला वापरा. फक्त पुरण जरा जास्त आटवा, छोल्याचं सैल राहतं.

वेलदोडा:
आणि वेलची कोबानची!

शेवगा:
आईबाबांचं काय ठरलं मग? नोव्हेंबर की ईस्टर?

तांबडीमाती:
मी असते तर नोव्हेंबर. पवित्र आठवड्यात आंतिग्वात खोली मिळणं कठीण, भाडं दुपटीहून जास्त, आणि वयस्कर माणसांना रात्रभर दगडी रस्त्यावर उभं राहणं जमत नाही. एप्रिलमध्ये उन्हाचा तडाखाही असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाऊस ओसरलेला असतो, हवा छान.

सुम्पांगोला मैदान आहे, बसायला जागा मिळते. सान्तियागोचे पतंग कबरस्तानात असतात, तिथे कबरींमधून वाट काढत चढावं लागतं आणि गर्दी फार. आईबाबांचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा.

मृण्मयी_पु:
सुम्पांगोलाच न्या. सकाळी सातच्या आत राजधानी सोडा, नाहीतर महामार्गावरच दुपार होते. दोरांच्या आत जाऊ देऊ नका. दुपारी वारा वाढला की मोठा पतंग कधीकधी मोडून कोसळतो. डोंगरावर ऊन भाजतं आणि सावलीत गारवा, म्हणून टोपी आणि स्वेटर दोन्ही. खायला उकडलेलं कणीस आणि गरम आतोल मिळेल, तेवढ्यावर दुपार निघते. संध्याकाळी परत येईपर्यंत आजींचा फियांब्रे मुरलेला असेलच.

चैत्रपालवी:
ठरलं, नोव्हेंबर. बाबांना पतंगांचं वेड आहे, त्यांना आजच कळवते. @दर्यावर्दी, छोले किती वेळ भिजवले होते तुमच्या कुकने?

दर्यावर्दी:
रात्रभर, ताई. चिमूटभर सोडा घालून. सालं मग हातात सुटून येतात.